शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) पोलिसांची काठी चालली, तर त्याच रात्री काय लिहायचं

परवानगीशिवाय संघटनेत जायला पोलिसांना १९६६ च्या कायद्यानं बंदी आहे. त्यामुळं पाठीशी संघटना नसते आणि विभागीय चौकशीत अंमलदाराच्या बाजूनं बोलतो तो त्यानं वेळेवर लिहिलेला कागद.

आधी हुकूम कोणाचा ते पक्कं करा. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव पांगवण्याचा हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १४८ खाली कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणेदार देतात. ठाणेदार नसतील तर किमान उपनिरीक्षक लागतो. चौकीतल्या बीट जमादाराला तो अधिकार नाही, म्हणून त्यानं आधी ठाणेदारांना फोन लावावा आणि वेळ डायरीत घ्यावी. अंगावर कोणी धावून आलं तर स्वसंरक्षण, ते कलमच वेगळं. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

काठी कमरेखाली, मांडीवर किंवा पिंढरीवर. डोकं, मान, गळ्याचं हाड वर्ज्य. सर्वांत जास्त पोरं अडकतात ती पळणाऱ्याच्या पाठीत मारलेल्या काठीपायी. जमाव हलला की बळाचं कारण संपलं, त्यानंतरचा प्रत्येक फटका शिक्षा ठरतो आणि शिक्षा द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

‘जमाव आक्रमक झाल्याने सौम्य बळाचा वापर केला’ या ओळीतून चौकशी अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. ठाण्याच्या डायरीत असं उतरू द्या: ‘१७.४० वा. पटाच्या निकालावरून दोन गटांत दगडफेक. ठाणेदारांनी माइकवरून दोनदा पांगण्याचा इशारा दिला. १७.५२ ला त्यांच्या हुकुमाने काठी वापरली. १७.५६ ला जमाव पांगला, काठी थांबवली. तिघे जखमी, पैकी एक अंमलदार, १८.२० ला ग्रामीण रुग्णालयात.’ हजर असलेल्या पोलीस पाटलाचं नावही लिहा. दोन्ही बाजूंच्या जखमींची तपासणी त्याच रात्री. सकाळी नेलं की मधल्या तासांचा हिशेब मागतात. माणूस ठाण्यात आणला असेल तर सीसीटीव्ही जपून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच द्या. चित्रण किमान वर्षभर ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे, तरी अर्जाची पोच हातात असू द्या.

कारणे दाखवा नोटीस आली की रागात उत्तर खरडू नका. तक्रार, जबाब, डायरीचा उतारा आणि चित्रण यांच्या प्रती लेखी मागा, मुदत संपण्याआधी मुदतवाढ मागा. चौकशीत साक्षीदारांची उलटतपासणी घ्या, तो तुमचा हक्क आहे.

निलंबन झालं तर निर्वाह भत्ता सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका मिळतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र हाती आलं नाही, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालाचा हवाला देऊन निलंबन मागे घेण्यासाठी अर्ज करा. शिक्षेच्या आदेशावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २७ खाली अपील होतं. आदेश हाती पडल्याची तारीख सहीसोबत स्वतः टाका, मुदत तिथून मोजतात.

सोबत्याचा जबाब बघून आपला लिहू नका. दोन जबाबांत शुद्धलेखनाची चूकसुद्धा सारखी निघाली की दोन्ही बाद. आणि त्याची काठी डोक्यावर पडताना पाहिली असेल, तर तेही लिहा.