हंगामाच्या मध्यावर बेसबॉल संघांचा फॉर्म कसा तपासावा

मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. ८१ सामने झाले की, म्हणजे साधारण जूनच्या अखेरीस, निम्मा हंगाम सरतो. परंतु चाहते ज्याला पूर्वार्ध म्हणतात तो जुलैच्या मध्यावरील ऑल-स्टार सामन्याच्या (निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या) सुटीपर्यंत चालतो आणि तोवर बहुतेक संघांचे ९५ च्या आसपास सामने झालेले असतात. संघांचा आढावा घ्यायला हीच सुटी सर्वांत सोयीची असते. मैदाने काही दिवस शांत असतात, आकडे स्थिर असतात आणि खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायला साधारण दोन आठवडे उरलेले असतात. न्यू यॉर्कमध्ये संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होणारा सामना भारतात पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होत असल्याने महाराष्ट्रातला चाहता फार तर एका-दोन संघांचे सामने नियमित पाहू शकतो. उरलेल्या संघांविषयी त्याला आकड्यांवरूनच मत बनवावे लागते, आणि आकडे कोणत्या क्रमाने वाचावेत हे ठरलेले नसेल तर ते मत बहुधा गेल्या आठवड्यातल्या निकालांवर बेतलेले असते.

सुरुवात क्रमवारीच्या तक्त्यापासूनच करावी. ३० संघ दोन लीगमध्ये आणि प्रत्येक लीग पाच-पाच संघांच्या तीन विभागांत वाटलेली आहे. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढच्या फेरीत जातात: तीन विभागविजेते आणि उरलेल्यांपैकी सर्वोत्तम तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. त्यामुळे प्रत्येक संघासाठी दोन अंतरे टिपून ठेवावीत, विभागातील आघाडीच्या संघापासूनचे आणि शेवटच्या वाइल्ड कार्डपासूनचे. हे अंतर काढण्यासाठी दोन संघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनने भागावे. १८ जून २०२४ रोजी सिॲटल मरिनर्सने ४४ सामने जिंकले होते व ३१ गमावले होते, तर त्यांच्याच विभागातल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोसने ३३ जिंकले होते व ४० गमावले होते. म्हणजे ११ आणि ९ यांची बेरीज २०, आणि अंतर १० सामन्यांचे. ऑल-स्टार सुटी आली तेव्हा मरिनर्स ५२–४६ (विजय–पराभव) आणि ॲस्ट्रोस ५०–४६ असे होते. अंतर अवघ्या एका सामन्याचे उरले होते, आणि विभाग शेवटी ॲस्ट्रोसनेच जिंकला. तक्ता संघ आज कुठे उभा आहे एवढेच सांगतो; तो तिथे कसा पोहोचला याचा त्यात पत्ता नसतो.

तो पत्ता धावांच्या फरकात सापडतो, आणि माझ्या मते सगळ्या आढाव्यात सर्वाधिक वेळ द्यावा असा हाच भाग आहे. आयपीएलच्या तक्त्यात नेट रन रेट गुण समान झाल्यावर उपयोगी पडतो. बेसबॉलमध्ये धावांच्या फरकाला असा औपचारिक अधिकार नाही, पण संघाची खरी ताकद ओळखायची असेल तर जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येपेक्षा तो अधिक विश्वासार्ह ठरतो. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेले सूत्र यासाठी पुरेसे आहे. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, त्याला त्या वर्गाच्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गाच्या बेरजेने भागावे आणि येणाऱ्या अपूर्णांकाला झालेल्या सामन्यांच्या संख्येने गुणावे. येणारी संख्या म्हणजे त्या धावांवरून अपेक्षित असलेले विजय. हिशेब नको असेल तर साधारण १० धावांचा फरक म्हणजे एक विजय, हा ठोकताळाही चालतो.

२०२३ मधले दोन संघ शेजारी ठेवले की या सूत्राचा उपयोग ध्यानात येतो. त्या वर्षीच्या ऑल-स्टार सुटीला मायामी मार्लिन्स ५३–३९ वर होते आणि सॅन डिएगो पाड्रेस ४३–४७ वर. हंगाम संपला तेव्हा मार्लिन्सचे ८४ विजय झाले होते, पण त्यांनी ६६६ धावा करून ७२३ दिल्या होत्या, आणि सूत्राप्रमाणे त्यांच्या वाट्याला ७४-७५ विजयच यायला हवे होते. पाड्रेसने ७५२ धावा केल्या व ६४८ दिल्या. सूत्र त्यांना ९३ विजय देते, प्रत्यक्षात ते ८२ वर थांबले. ही तफावत मुख्यतः एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांतून आली. असे सामने मार्लिन्सने ३३ जिंकले व १४ गमावले, तर पाड्रेसने ९ जिंकले व २३ गमावले. त्याखेरीज बरोबरीमुळे जादा डावांत गेलेल्या १४ पैकी फक्त २ सामने पाड्रेसच्या पदरात पडले. पुढच्या वर्षी, ह्वान सोटोसारखा फलंदाज न्यू यॉर्क यँकीजकडे गेल्यानंतरही, पाड्रेसने ९३ सामने जिंकले. मार्लिन्सने १०० गमावले, यात त्यांचा प्रमुख पिचर (गोलंदाज) सँडी अल्कांतारा शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर होता हेही धरायला हवे, पण घसरणीची चाहूल आधीच्या वर्षीच्या आकड्यांत होती.

म्हणून सुटीच्या वेळी प्रत्येक संघासमोर एका धावेच्या सामन्यांतील कामगिरी वेगळी लिहावी. ती निम्म्याच्या फार वर असेल तर संघाच्या विजयांतून मनातल्या मनात तीन-चार कमी करावेत, फार खाली असेल तर तेवढे वाढवावेत. भक्कम बुलपेन, म्हणजे सामन्यात नंतर येणाऱ्या पिचरांचा ताफा, असलेला संघ निसटते सामने थोडे जास्त जिंकतो हे खरे आहे, पण ती सवय वर्षानुवर्षे टिकत नाही. बाल्टिमोर ओरिओल्सने २०१२ मध्ये असे २९ सामने जिंकले व फक्त ९ गमावले. २०१३ मध्ये त्याच सामन्यांत ते २०–३१ होते. धावांचा फरकही आंधळेपणाने स्वीकारू नये. एखाद-दोन सामन्यांत १५-१५ धावा कुटून तो फुगवता येतो, म्हणून असे एकतर्फी निकाल किती आहेत हे एकदा डोळ्यांखालून घालावे.

तक्त्यात शेवटच्या दहा सामन्यांचा एक रकाना असतो. त्याकडे दुर्लक्ष करावे, हा माझा आग्रह आहे. दहा सामन्यांत कोणताही संघ सात जिंकू शकतो आणि कोणताही सात हरू शकतो. फॉर्म पाहायचाच असेल तर निदान महिन्याचा, शक्यतो ३०-४० सामन्यांचा तुकडा घ्यावा, आणि त्या काळात समोर कोण होते व किती सामने घरच्या मैदानावर झाले हे तपासावे. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स सुटीपर्यंत २७–७१ वर होते आणि शेवटी १२१ सामने हरले. जूनमध्ये त्यांच्याविरुद्ध मिळवलेले तीन विजय फिलाडेल्फियाविरुद्धच्या तीन विजयांच्या तोलाचे मानता येत नाहीत.

तुकडा मोठा घेतला तरी तो एकट्याने वाचणे धोक्याचेच असते. यँकीज २०२४ मध्ये ५०–२२ अशी घोडदौड करून आले, आणि त्यानंतर सुटीपर्यंतच्या २६ पैकी त्यांनी फक्त ८ सामने जिंकले. गंमत अशी की ही पडझड त्यांचा सर्वोत्तम पिचर गेरिट कोल दुखापतीतून परतला त्याच सुमारास सुरू झाली, त्यामुळे सोपे स्पष्टीकरण शोधणाऱ्यांची पंचाईत झाली. जूनच्या सुरुवातीला मत लिहिणाऱ्याने त्यांना अजिंक्य ठरवले असते आणि जुलैच्या सुरुवातीला मोडीत काढले असते. सुटीपर्यंतचे दोन्ही तुकडे जोडले तर ५८–४०, म्हणजे सुमारे ५९ टक्के विजय, असा आकडा येतो. हंगामाअखेर ते ९४–६८, म्हणजे ५८ टक्क्यांवर होते. न्यू यॉर्क मेट्सची कहाणी उलट दिशेची आहे. पहिले पाचही सामने हरलेला हा संघ २ जूनला २४–३५ वर होता, आणि त्यापुढच्या १०३ सामन्यांपैकी त्याने ६५ जिंकले. जूनमध्ये मॅकडॉनल्ड्सच्या ग्रिमेस नावाच्या जांभळ्या शुभंकराने सामन्यापूर्वीचा मानाचा पहिला चेंडू टाकल्यापासून संघाचे नशीब पालटले, असे त्यांचे चाहते आजही हसत हसत सांगतात. पण फ्रान्सिस्को लिंडोरला फलंदाजीच्या क्रमात पहिल्या जागी आणणे आणि मार्क व्हिएंटोसला तिसऱ्या बेसवर नियमित संधी देणे ही कारणे आढाव्यात नोंदवण्याजोगी आहेत. मोठ्या तुकड्यात बदल दिसला की त्यामागे संघरचनेतला एखादा ठोस बदल आहे का, हे असे शोधावे. तो सापडला नाही, तर पूर्ण पूर्वार्धाच्या सरासरीवर भिस्त ठेवावी.

पिचिंग तपासताना केवळ दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी पाहून थांबू नये. मैदानात टोलवलेला चेंडू हिट ठरतो, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोहोचवतो, की झेलला जातो, यात क्षेत्ररक्षणाचा आणि नशिबाचा मोठा वाटा असतो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद होणे), चार चुकीच्या बॉलमुळे फुकट दिलेले बेस आणि होमरन (सीमेपार गेलेले फटके) या तीन गोष्टी मात्र बऱ्याच अंशी पिचरच्या हातात असतात. सर्वसाधारणपणे मैदानात टोलवलेल्या चेंडूंपैकी ३० टक्क्यांच्या आसपास चेंडूंवर हिट मिळतात. एखाद्या पिचरविरुद्ध हे प्रमाण २४ टक्के असेल आणि त्याचे स्ट्राइकआउट कमी असतील, तर त्याची सुंदर सरासरी उत्तरार्धात बिघडण्याची शक्यता गृहीत धरावी. मैदानाचाही विचार करावा. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर असल्याने तिथे चेंडू लांब जातो, तर सिॲटलच्या मैदानावर धावा जमवणे कठीण असते. २०२४ च्या मरिनर्सकडे लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, लुईस कास्तियो, ब्राइस मिलर आणि ब्रायन वू असे पाच भरवशाचे स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) होते, पण फलंदाज सातत्याने स्ट्राइकआउट होत होते. अशा संघाची आघाडी दहा सामन्यांची असली तरी फलंदाजीला टेकू मिळेपर्यंत ती सुरक्षित मानू नये.

यानंतर दुखापतग्रस्तांची यादी काढावी आणि कोण परत येणार, कोण येणार नाही असे तिचे दोन भाग करावेत. २०२४ मध्ये ॲस्ट्रोसचे क्रिस्तियन हावियेर आणि होसे उर्किडी हे दोन पिचर जूनमध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे हंगामाबाहेर गेले, शिवाय त्यांचा फलंदाज कायल टकर जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत खेळू शकला नाही. तरीही संघ वर चढला, कारण पिचर हंटर ब्राउनने मे महिन्यात सिंकर हा खाली घसरणारा चेंडू वापरायला सुरुवात केल्यावर त्याची कामगिरी पालटली. यादी वाचताना गेलेल्यांच्या जागी कोण उभे राहिले, हेही म्हणूनच लिहावे.

अदलाबदलीच्या मुदतीविषयी सुटीत केवळ अंदाज बांधता येतो, पण तो बांधावा. २०२१ मध्ये अटलांटा ब्रेव्हज ४४–४५ वर होते आणि सुटीच्या तोंडावरच त्यांचा प्रमुख फलंदाज रोनाल्ड अकुन्याचा गुडघा दुखावून त्याचा हंगाम संपला होता. व्यवस्थापनाने जुलैत जॉक पेडरसन, ॲडम डुव्हॉल, एडी रोसारियो आणि होर्हे सोलेर हे चार आउटफिल्डर (सीमेकडचे क्षेत्ररक्षक) आणले. संघ ८८ विजयांसह विभाग जिंकून पुढे वर्ल्ड सीरिज ही अंतिम मालिकाही जिंकला आणि सोलेर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यांचा विभाग त्या वर्षी दुबळा होता, ही बाबही महत्त्वाची. संघ पिछाडीवर असला तरी समोरचे पळून गेलेले नसतील, तर खरेदी करणे व्यवस्थापनाला परवडते. डेट्रॉइट टायगर्सने २०२४ मध्ये याच्या उलट केले: पिचर जॅक फ्लॅहर्टीला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवले, १० ऑगस्टला ते ५५–६३ वर होते, आणि तिथून ३१ जिंकून व फक्त १३ गमावून ते वाइल्ड कार्डपर्यंत पोहोचले. तारिक स्कूबलसारखा पिचर हाताशी होता एवढे म्हणता येते, पण त्या वळणाचा अंदाज या पद्धतीने आला नसता.

शेवटी उरलेले वेळापत्रक पाहावे. विभागातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी वर्षात १३ सामने असतात. त्यांपैकी किती शिल्लक आहेत आणि झालेल्यांत कोण वरचढ आहे, हे प्रत्येक जवळच्या स्पर्धकापुढे लिहून ठेवावे. २०२२ पासून बरोबरी फोडण्यासाठी वेगळा सामना होत नाही, परस्परांतील निकालच आधी पाहिले जातात. २०२४ मध्ये मेट्स, ब्रेव्हज आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स हे तिन्ही संघ ८९–७३ वर संपले. पहिले दोघे पुढे गेले, आणि परस्परांतील निकालांत मागे पडलेला ॲरिझोनाचा संघ घरी बसला. हा रकाना जुलैत भरून ठेवावा आणि मुदत संपल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तसेच सप्टेंबरच्या आरंभी संघांची सदस्यसंख्या २६ वरून २८ होते तेव्हा, पुन्हा तपासावा.