शिट्टी नेमकी कुठून येत होती

गाडीत गाणी ऐकायला बजेट पाच हजार, म्हणून ॲम्प्लिफायर-वूफरची हौस बाजूला ठेवली. साधा ब्लूटूथ स्टिरिओ आणि पुढच्या दारांना नवे स्पीकर. जुन्यांचा कागद पार कुजला होता.

बसवून साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून निघालो, तर स्पीकरमधून शिट्टी! ॲक्सिलरेटर दाबला की चढायची. खंबाटकी घाटात तर गाण्याच्या वर तिचाच सूर. म्हणजे अल्टरनेटरचा, इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज, आणि संशय अर्थिंगवर. स्टिरिओ बाहेर ओढला. अर्थिंगची काळी वायर डॅशबोर्डमागच्या रंगवलेल्या पट्टीला नुसती आवळलेली. पॉलिश पेपरने रंग घासून पांढरा पत्रा उघडा केला, बोल्ट कचकून आवळला. शिट्टी गायब.

पण चावी काढली की सेव्ह केलेली स्टेशनं पुसायची. कायम करंटची पिवळी आणि चावीवरची लाल वायर उलट जोडलेली. माझाच घोळ. बदलल्या. बायको म्हणाली, "आता तरी सातारा आकाशवाणी लावा."