उठलं की निघायचं: जुन्नर आणि भोवतालचा मुलूख एका दिवसात, एसटीने

जुन्नरला जायला बेत लागत नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून जुन्नर. कल्याणहून माळशेज चढून बनकर फाटा, तिथून गणेश खिंडीतून जुन्नर. सकाळी डोळे उघडल्यावर ठरवलं तरी जमतं, आणि माझ्या मते तसंच जावं. पंधरा दिवस आधी बेत आखला की माणसं यादी करायला बसतात आणि यादीतच दिवस वाया जातो. "एका दिवसात शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि जाता जाता माळशेज" हा सल्ला मी इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे की आता ऐकवत नाही. असा दिवस गाडीच्या खिडकीतच संपतो. या परिसरात दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. ती उरकायची गोष्ट नाही. एका दिवसात दोन ठिकाणं बघा, एक लांबचं आणि एक गावाजवळचं. तिसरं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

निघणं

पहिली गाडी धरा आणि चाकणची कोंडी सुरू व्हायच्या आत चाकण मागे टाका. पाणी, टोपी, सुटे पैसे आणि एक वेगळी बॅटरी (टॉर्च) बरोबर असली की झालं. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे "एकटीने जायचं तर खर्च फार" ही सबबही उरलेली नाही.

दिशा ठरवणं

हे जुन्नरच्या स्टँडवर उतरून, आकाशाकडे बघून करायचं काम आहे. पश्चिमेला आपटाळे, चावंड, घाटघर आणि शेवटी नाणेघाट. उत्तरेला, कुकडी नदी ओलांडून, लेण्याद्री. गावाला खेटून शिवनेरी, आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला पाडळीजवळ तुळजा लेणी. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला जा. भर पावसात नाणेघाट धुक्यात बुडालेला असतो, त्या दिवशी लेणी बघा. संकष्टी असेल, त्यातही अंगारकी, तर लेण्याद्री सोडा, कारण रांगेतच दुपार होते. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर जायचं तर शिवजयंतीसाठी जा. गड निवांत बघायला वेगळा दिवस काढा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत महाराष्ट्रातले जे गड गेले त्यात शिवनेरी आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी धरूनच चाला.

परतीची गाडी

सगळं अडतं ते इथे. जायचं कसं हे जो तो सांगतो, यायचं कसं हे कोणी धड सांगत नाही. मलाही सुरुवातीला याचाच उलगडा होत नव्हता. संध्याकाळी जुन्नरच्या स्टँडवरून आतल्या गावांना गाड्या भरभरून सुटतात, मग त्याच रस्त्याने उलट यायला काहीच का मिळत नाही?

याचं कारण गावाच्या दिवसात आहे. शाळा, कॉलेज, तहसील, दवाखाना, बाजार यासाठी माणसं सकाळी तालुक्याला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. एसटी त्यांच्यासाठी धावते आणि तिने त्यांच्यासाठीच धावावं. आपण मात्र सकाळी गावाकडे जातो आणि संध्याकाळी तालुक्याकडे येतो, म्हणजे बरोबर उलटे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

सगळ्यात जास्त घात करते ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी आत जाणारी शेवटची गाडी बऱ्याचदा त्या गावातच रात्री थांबते. चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पोरांना नि दूधवाल्यांना घेऊन जुन्नरला येते. फाट्यावर उभं राहून समोरून गाडी आत जाताना बघायची आणि "हीच परत येईल" म्हणून बसून राहायचं, हा धोका तिथे असतो. ती परत येणार असते, पण उद्या.

म्हणून जुन्नरला उतरल्याबरोबर, चहाच्याही आधी, चौकशीच्या खिडकीवर जा. तिथल्या वाहतूक नियंत्रकाला "नाणेघाटला गाडी कधी आहे?" एवढंच विचारू नका. तीन गोष्टी विचारा. घाटघरहून जुन्नरला यायला दुपारनंतर कोणत्या गाड्या आहेत? त्यातली मुक्कामी कोणती? आणि आज सुट्टी आहे, तर शाळेची फेरी सुटणार का? हा तिसरा प्रश्न कधीही गाळू नका. खेड्यांकडच्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात. रविवारी, दिवाळीत, मे महिन्यात त्या धावतीलच असं नाही, आणि आपण भटके नेमके त्याच दिवशी बाहेर पडतो. मोबाईलवर सापडणारं वेळापत्रक कोणत्या साली कोणी टाकलं हे कळायला मार्ग नसतो. त्यावर अजिबात विसंबू नका. खिडकीवर मिळालेली वेळ गाडीत बसल्यावर वाहकालाही विचारा. दोघांचं उत्तर जुळलं तर ठीक, नाही तर वाहकाचं खरं धरा. तो त्याच रस्त्याने रोज येतो-जातो.

पुढचा गोंधळ वेळेचा. "साडेतीनची गाडी" म्हणजे ती जिथून सुटते तिथली साडेतीन. तुम्ही मधल्या फाट्यावर उभे असाल तर ती तुमच्याकडे किती वाजता पोचेल हे तुम्हालाच काढावं लागतं. प्रवासी कमी असले तर गाडी लवकर येते, म्हणून वीस मिनिटं आधी फाट्यावर हजर राहा. पाटीवरचं "मार्गे" वाचा, कारण एकाच गावाच्या दोन गाड्या दोन वेगळ्या वाटांनी जातात. आणि रस्त्याच्या योग्य बाजूला उभं राहून हात करा. झाडाखाली बसलेल्या माणसासाठी गाडी थांबत नाही.

जीप मिळते, पण तीही त्याच प्रवाहातली. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि संध्याकाळी जुन्नरकडे यायला सीटच भरत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी चित्र जरा बरं असतं, तरी तोही भरवसा नाही.

माझा नियम साधा आहे आणि मी तो कोणासाठीही मोडत नाही: शेवटची गाडी आपली नाही, तिच्या आधीची आपली. शेवटची ही हातची ठेवायची. आधीचीच शेवटची असेल, म्हणजे दुपारनंतर एकच गाडी असेल, तर त्या दिवशी तिकडे जायचं नाही. दिशा बदलायची. अचानक निघण्याचा फायदाच हा की काही सोडताना जीव तुटत नाही.

हे इतकं ठासून सांगायला कारण आहे. जुन्नर हा बिबट्यांचा मुलूख आहे. धरणं झाली, पाणी आलं, उसाचं क्षेत्र वाढलं आणि बिबट्या उसातच पिल्लं घालू लागला. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. इथली माणसं या भीतीसोबत रोज जगतात, आणि त्यांनी जीव गमावले आहेत. गाडी चुकली म्हणून अंधारात उसाच्या कडेने चालत निघणं हे धाडस नव्हे. "चार किलोमीटर तर आहे, चालत येऊ" असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. मुक्कामी गाडी ज्या गावात थांबली आहे त्या गावात जाऊन सांगा, कोणीतरी आसरा देतं.

या सगळ्यावरून दिवसाचा क्रम आपोआप ठरतो. लांबचं आधी, जवळचं नंतर. सकाळी थेट घाटघर किंवा अंजनावळ्याच्या गाडीने आत जा, दुपारी जुन्नरला परत या, उरलेली दुपार स्टँडपासून चालत किंवा रिक्षाने जाता येईल अशा ठिकाणी घालवा. सकाळी शिवनेरी करून दुपारी नाणेघाटाकडे निघणारे लोक बघितले की मला राहवत नाही, मी त्यांना थांबवून हेच सांगते.

नाणेघाटात

गाडीतून उतरल्यावर पुढे चालावं लागतं, तो वेळ परतीच्या हिशेबात धरा. कड्यावर फोटो काढून लोक परत फिरतात आणि खरी गोष्ट बघायची राहून जाते. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत अशी परंपरा सांगते. तिथून घळीत थोडं उतरलं की लेणं लागतं. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यात दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांची मोजदाद त्यात आहे, आणि त्यातले आकडे हे आपल्याकडच्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर फक्त नावं उरली आहेत, सिमुक, सातकर्णी, नागनिका, आणि खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा.

लेख समोरून उजेड टाकून दिसत नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा, म्हणजे उजेड दगडावरून सरपटत जाईल आणि अक्षरांच्या खोबणीत सावली पडेल. मग जिथे नुसता खडबडीत दगड वाटत होता तिथे ओळी उठून येतात. बोट लावू नका, खडू किंवा पाणी तर नाहीच नाही. लेण्यात चूल मांडणं, रात्री झोपणं हेही बंद झालं पाहिजे. दोन हजार वर्षं टिकलेल्या अक्षरांवर धुराची पुटं चढवायचा हक्क कोणाला नाही.

परत येताना चावंड किंवा पूरच्या कुकडेश्वर मंदिरासाठी मध्ये उतरायचा मोह होतो. पुढची गाडी माहीत असेल तरच उतरा. नाही तर त्यांच्यासाठी पुन्हा या. कुकडेश्वराच्या भिंतींवरचं कोरीवकाम घाईत बघण्यासारखं नाहीच.

जेवण

मासवडी आणि झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि कांद्याचं सारण गुंडाळून केलेल्या या वड्या ताज्याच खाव्यात. सकाळी जाताना खानावळीत सांगून ठेवा.

दुपार

पाय शाबूत असतील तर शिवनेरी. सात दरवाज्यांच्या वाटेनेच चढा. साखळीची वाट सवय असलेल्यांची आहे. सोबतच्यांना दाखवायला तिकडे जाऊ नका. गडावर शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी आणि १६३० साली शिवराय जन्मले ती वास्तू, एवढं सावकाश बघायला दुपार पुरते. उन्हाळ्यात कड्यांवर आग्या मोहळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरड, तिन्ही टाळा.

थकला असाल तर तुळजा. तिथलं एक चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं स्तूप असलेलं प्रार्थनास्थळ, गोल आहे: मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. चैत्यगृह म्हटलं की कार्ल्या-भाज्याचा लांबट, कमानदार घाट डोळ्यांपुढे येतो. हे त्याहून अगदी वेगळं आहे. गर्दी जवळपास नसते.

लेण्याद्रीला गेलात तर तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मज गणपतीचं दर्शन घ्या, पण तिथूनच माघारी फिरू नका. देऊळ आहे तो मुळात बौद्ध भिक्खूंचा राहायचा विहार, सात क्रमांकाचं लेणं. एकही खांब नसलेला मोठा दिवाणखाना आणि भोवती वीस खोल्या. शेजारचं सहा क्रमांकाचं लेणं चैत्यगृह आहे, आणि त्यावरच्या लेखात ते दान देणाऱ्याचं नाव आहे: कल्याणचा सुलसदत्त. कल्याणहून जुन्नरला यायची त्या काळची वाट नाणेघाटातून होती. सकाळी घाट बघून दुपारी इथे आलात तर त्याचं नाव वाचताना तो रस्ता तुमच्या पायाखालचा असतो. खालच्या माकडांपासून पिशवी सांभाळा.

घरी

जुन्नरहून नारायणगावपर्यंत फारशी अडचण येत नाही. नारायणगावला मात्र एक गोष्ट विचारून घ्या: नाशिककडून पुण्याला जाणाऱ्या काही गाड्या स्टँडवर न येता बाह्यवळणाने निघून जातात. स्टँडवर येणारी कोणती हे खिडकीवर कळतं. कल्याणला जायचं असेल तर बनकर फाट्यावर अंधार पडायच्या आत पोचा, आणि पावसाळ्यात माळशेज चालू आहे ना याची खात्री जुन्नर सोडण्याआधीच करा.