गाडीतील अँप्लिफायरचा गेन लावण्यापूर्वी

गेन म्हणजे डेककडून (गाडीतील म्युझिक प्लेअरकडून) आलेला सिग्नल अँप्लिफायरने किती वाढवायचा ते ठरवणारा खटका. तो लावण्यापूर्वी सर्वप्रथम बास बूस्ट, म्हणजे खर्जाचा आवाज वाढवणारी सोय, शून्यावर आणावा. मागच्या वेळी नेमके हेच राहून गेले आणि सबवूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, कॉइल जळाली. बूस्ट एकाच ठिकाणी नसतो: अँप्लिफायरवर त्याचा खटका असतो, डेकच्या मेनूत लाउडनेस या नावाने तो दडलेला असतो आणि फोनवरून गाणी लावत असाल तर तिथल्या इक्वलायझरमध्येही असतो. तिन्ही ठिकाणी शून्य हवे. ६ डेसिबलच्या बूस्टने व्होल्टेज दुप्पट आणि पॉवर चौपट होते, आणि हा बूस्ट बहुधा ४५ हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे १००० हर्ट्झच्या टोनवर (चाचणीच्या सलग एकसुरी आवाजावर) मोजणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

लक्ष्य-व्होल्टेज, म्हणजे अँप्लिफायरच्या स्पीकर-आउटपुटवर जितके व्होल्ट हवेत तो आकडा, घरीच काढून कागदावर लिहावे. खोक्यावरच्या मोठ्या ‘मॅक्स’ आकड्याकडे पाहू नये. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या आरएमएस (सलग पेलणाऱ्या) वॅटपैकी जो आकडा लहान असेल त्याला ओहमने गुणून वर्गमूळ घ्यावे. ३०० वॅट आणि ४ ओहमसाठी ते ३४.६ व्होल्ट येते. सबवूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल असून त्या समांतर जोडल्या असतील तर हिशेब २ ओहमचा.

टोन ० डेसिबल पातळीचा (रेकॉर्डिंगची ती कमाल पातळी) आणि पेन ड्राइव्हवर असावा: सबवूफरसाठी ५० हर्ट्झ, दारातल्या स्पीकरसाठी १०००. घरची वीजही ५० हर्ट्झचीच असल्याने सबवूफरच्या टोनला साधा मल्टिमीटर चालतो. १००० हर्ट्झवर स्वस्त मीटर कमी आकडा दाखवू शकतो आणि त्यावर विसंबून गेन नको इतका वाढवला जातो.

अँप्लिफायरवरून स्पीकरच्या तारा काढूनच तिथे मोजावे, नाहीतर तो सलग टोन कॉइल तापवतो आणि दांडिया बाजारातल्या गल्लीत शेजारीही बाहेर येतात. इंजिन चालू हवे, कारण बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि चालू गाडीत १४ च्या. मात्र हे बंद पार्किंगमध्ये करू नये, धूर जीवघेणा असतो.

आता गेन किमान, डेकचा आवाज तीन चतुर्थांश, मीटर एसी व्होल्टवर आणि टोन सुरू. बूस्ट पुन्हा तपासावा. मग गेन हळूहळू वाढवून लिहिलेल्या आकड्यावर थांबावे. डेक बंद करून तारा अधिक-उणे पाहून जोडाव्यात, सबवूफरचा लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवावा आणि बास कमी वाटला तरी बूस्टला हात लावू नये.