गाणी निवडायचं काम अंगावर आलं तेव्हा

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेची गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं ते केवळ पेटी वाजवता येते म्हणून. शनिवारी रात्री मोबाइलवर दोन-चार कोरस, म्हणजे छोटी भक्तिगीतं, ऐकायचे, चाल डोक्यात बसली की ठरलं. तुमच्यावरही हे काम नुकतंच आलं असेल, तर माझी फजिती आधी ऐका.

एका रविवारी हिंदीवरून मराठीत आणलेला एक जोरकस कोरस घेतला. तरुण पोरं खूश, टाळ्यांचा ठेका मस्त जमलेला. त्यात एक ओळ होती, अर्थ असा की विश्वास धरणाऱ्याच्या घरी आजार फिरकत नाही. तिसऱ्या बाकावर एक मावशी बसायच्या, त्यांची केमो चालू होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या गात होत्या आणि नेमक्या त्या ओळीला गप्प झाल्या. उपासना संपल्यावर मला म्हणाल्या, “बाळा, माझा विश्वास कमी पडला का रे?”

घरी येऊन शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच मागे ठेवलं होतं (2 तीमथ्य 4:20). आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. आणि स्वतः पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, पण काटा काही निघाला नाही. मिळाली ती कृपा. आमच्या कोरसच्या हिशेबाने तर पौलच अविश्वासी ठरत होता!

तेव्हापासून गाणं आधी वहीत हाताने उतरवतो आणि चालीशिवाय मोठ्याने वाचतो. चाल काढून घेतली की पोकळ ओळ लगेच उघडी पडते. एका कोरसात ‘मी’ अकरा वेळा निघाला, येशूचा वधस्तंभ एकदाही नाही. ‘मी’ स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातही, भरपूर आहे म्हणा, पण तिथला ‘मी’ रडत-भांडत का होईना, देवाने काय केलं याकडे वळतो. इथला आरशासमोरच उभा.

गाण्यात बायबलचं वचन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यिर्मया 29:11 वर किती गाणी आहेत! देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत, हे खरंच. पण ते वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं, आणि ते पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात असलेल्या यहुद्यांना लिहिलंय आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांची गोष्ट आहे. ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परत जाण्याआधीच मरणार होते. हे ठाऊक असलं की तेच गाणं नोकरीच्या मुलाखतीआधीचा ताईत म्हणून गायलं जात नाही. मी अशा गाण्याआधी दहावं वचनही वाचून घेतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

चालीवरून मात्र भांडू नका. आमच्याकडे ज्येष्ठांना ड्रम नको आणि पोरांना पेटी नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, 1895 सालचा. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात गायलं, तुकोबांच्या वाटेने. 22व्या स्तोत्राच्या मथळ्यात पहाटेच्या हरिणीची चाल सांगितलीय, पण तिचा एकही सूर आज कुणाला ठाऊक नाही. शब्द राहिले. पौल आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन म्हणतो (1 करिंथ 14:15), म्हणून जुन्या गीतातला जड संस्कृत शब्द शाळकरी पोरांना आधी सोपा करून सांगावा. पट्टीही बायका-पुरुष सगळ्यांना झेपेल अशी धरा, आपला गळा दाखवायची नको.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, रविवारचा वचनपाठ बुधवारपर्यंत विचारून ठेवा. शनिवारी विचारलंत तर गाणी आणि उपदेश दोन वेगळ्या गावांना जातात.

शोकाची गाणी आमच्याकडे जवळजवळ नव्हतीच. स्तोत्रसंहितेत मात्र पानोपानी विलाप; 88वं तर अंधारातच संपतं. शेवटी 13वं स्तोत्र आम्हीच साध्या भजनी ठेक्यात बसवलं. सुरुवातीच्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा “कोठवर?” विचारतो. पहिल्या रविवारी मंडळी जरा बिचकली. मावशींनी मात्र चारही ‘कोठवर’ माझ्या पेटीवर मात करून म्हटले.