ऊसतोड टोळी उतरली की तपासणी कशी करायची

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत बीड-जालन्याकडच्या टोळ्या उतरतात. नवीन आलेल्या आरोग्य सेविका विचारतात, सुरुवात कुठून करायची? माझ्या मते वेळेपासून.

दुपारी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, गेलात तर म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील. संध्याकाळी, चुली पेटल्यावर जा. मुकादमाला, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्या म्होरक्याला, आदल्या दिवशी फोन करा. त्याला डावललं तर टोळीतलं कुणी तोंड उघडत नाही. पण तपासणी चालू असताना त्याला तिथं बसू देऊ नका. त्याच्याकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस त्याच्यासमोर आजार सांगणार नाही.

"खोकला आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "पाचटाची धूळ हाय ताई, समद्यांनाच असतोय," हे उत्तर ठरलेलं. रात्री अंग घामानं भिजतं का, कपडे सैल झालेत का, घरात कुणाला टीबीच्या गोळ्या चालू होत्या का, हे विचारा. खोकला दोन आठवड्यांपासून असेल तर बेडका तपासायचाच. सोबत ताप, वजन घटणं किंवा बेडक्यात रक्त असेल तर दोन आठवडे भरायची वाट बघू नका.

बेडक्यासाठी दोन डब्या द्या: एक तिथंच, दुसरी पहाटेची. नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलं तर प्रयोगशाळेत झाकणं बदलली की सगळाच गोंधळ. तोंड धुवून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढायला सांगा, तेही कोपीच्या बाहेर उघड्यावर. डबीत नुसती पातळ लाळ दिसली तर पुन्हा घ्या. पहाटेची डबी टोळी उसाच्या फडात जायच्या आत गोळा करायची, म्हणून आशाताईला आधीच सांगून ठेवा.

ताप असेल तर बोटातून रक्त घेऊन मलेरियाची तपासणी लगेच करा. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्वीननं दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि माणूस कोयता उचलून चालू लागतो. यकृतात दडलेले जंतू मात्र त्यानं मरत नाहीत, त्यांना प्रायमाक्वीन लागतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेला 14 दिवसांचा कोर्स पुरा व्हायलाच हवा. गरोदर बाईला ही गोळी चालत नाही. पाळी चुकली का, हे सासूला बाजूला करून विचारा.

कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकानं स्पर्श करा. कळत नसेल तर कुष्ठरोगासाठी पाठवा. लेकरांचं लसीकरण कार्ड बहुतेकदा गावाकडच्या पेटीत असतं. नोंद सापडली नाही तर गोवर-रुबेला दिलेलीच असेल असं धरू नका. एचआयव्हीची तपासणी फक्त संमतीनं, आणि निकाल फक्त त्या माणसाच्या कानावर.

खरी कसोटी पुढं आहे. निकाल येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. म्हणून नमुना घेतानाच मूळ गाव, तालुका, स्वतःचा आणि घरी राहिलेल्या कुणाचा तरी मोबाईल लिहून घ्या. मुकादमाचा नंबरही घ्या, पण त्याला एवढंच सांगा: "अमक्याला दवाखान्यात पाठवा." आजाराचं नाव काढू नका.

टीबी निघाला तर उपचार सहसा सहा महिन्यांचे, आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळी गावी परतणार. निक्षय, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा, क्रमांक देशभर चालतो. निघण्याआधी त्याच क्रमांकावर गावच्या आरोग्य केंद्राकडं बदली करा, प्रवासात पुरतील एवढ्या गोळ्या हातात द्या आणि तिथल्या आशाताईला स्वतः फोन लावा.