लोकल डीएनएस लावल्यावर नेट मधेच जातंय? आधी घरातले आयपी एकमेकांना धडकतायत का ते बघा

घरात पाय-होल किंवा ॲडगार्ड होम, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) सांगणारा घरचाच डीएनएस सर्व्हर लावला, पहिले दोन दिवस सगळं मस्त चाललं आणि मग अचानक कधी मोबाईलवर पेज उघडत नाही, कधी लॅपटॉपवर उघडतं पण टीव्ही अडकतो, आणि दहा मिनिटांनी काहीच न करता सगळं परत चालू होतं. असं झालं की बरेच जण वैतागून डीएनएस सर्व्हरच काढून टाकतात. काढू नका. बऱ्याच वेळा सर्व्हर ठणठणीत असतो, त्याचा आयपी फक्त दुसऱ्याच कुठल्या तरी डिव्हाइसने पण घेतलेला असतो.

एरवी घरात दोन डिव्हाइसचा आयपी सेम झाला तर त्रास त्या दोघांनाच होतो, पण डीएनएसचा आयपी मात्र घरातल्या प्रत्येक डिव्हाइसने धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे गडबड झाली की सगळं घर लटकतं. होतं काय, मोबाईलला समजा डीएनएसच्या १९२.१६८.१.१०५ शी बोलायचं असलं की तो आधी नेटवर्कवर हाक मारतो, हा आयपी कुणाचा? यालाच एआरपी म्हणतात. उत्तर देणारे दोघे असले तर ज्याचं उत्तर शेवटी पोचतं तोच बहुतेक वेळा लक्षात ठेवला जातो, म्हणजे एक मोबाईल बरोबर डीएनएस चालवणाऱ्या रास्पबेरी पायकडे (हा एक छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय) जातो आणि दुसरा जातो प्रिंटरकडे, आणि प्रिंटरच्या ५३ नंबरच्या पोर्टवर डीएनएस ऐकणारं कुणी नसतंच. थोड्या वेळाने ती नोंद जुनी होते, परत हाक मारली जाते, या वेळी उत्तर बरोबर ठिकाणाहून येतं आणि नेट "आपोआप" सुरू होतं. म्हणून हा प्रॉब्लेम इतका लहरी वाटतो.

पहिलं काम: नेट गेलंय की फक्त नावं सापडत नाहीयेत ते बघा

अडकलेल्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा आणि तीन पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघणारी कमांड) मारा, एक राउटरला, एक बाहेर म्हणजे ८.८.८.८ ला, आणि एक कुठल्याही वेबसाइटच्या नावाला. पहिले दोन चालले आणि नावाचा अडकला तर गोष्ट डीएनएसची आहे. राउटरलाच उत्तर येत नसेल तर वायफाय, केबल किंवा राउटरच्या आयपीचा गोंधळ, तो खाली सांगतो. आणि लॅपटॉपचा स्वतःचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या राउटरच्या सोयीकडून, आयपी मिळालेलाच नाही, मग डीएनएस तपासत बसण्यात अर्थ नाही.

आता खरी टेस्ट: पाय बंद करा आणि त्याच्याच आयपीवर हाक मारा

ही टेस्ट सगळ्यात खात्रीची आहे म्हणून नीट करा. डीएनएसवाला पाय किंवा जुना पीसी, जे काय असेल ते, व्यवस्थित शटडाउन करा आणि त्याची नेटवर्क केबल काढा. आता लॅपटॉपवरून त्याच आयपीला पिंग मारा. उत्तर आलं तर विषय संपला, त्या आयपीवर दुसरं कुणीतरी बसलंय. पण उत्तर नाही आलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, कारण कित्येक डिव्हाइस फायरवॉलमुळे पिंगला उत्तर देत नाहीत, एआरपीला मात्र देतात. म्हणून पाय बंद केल्यावर जुनी नोंद जाण्यासाठी लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा, परत पिंग मारा आणि लगेच एआरपीची कमांड, म्हणजे एआरपी, स्पेस, डॅश, ए, अशी द्या. यादीत त्या आयपीसमोर मॅक ॲड्रेस, म्हणजे डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर, दिसला तर तोच आपला पाहुणा.

हा मॅक ॲड्रेस लिहून घ्या. त्याचे पहिले तीन जोड बनवणाऱ्या कंपनीचे असतात, ते सर्च केले की प्रिंटर आहे, कॅमेरा आहे का टीव्ही आहे ते बऱ्यापैकी कळतं. पण दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक मोबाईल किंवा टॅबलेटचा खोटा मॅक असतो, प्रायव्हसीसाठी हल्लीचे फोन असा बनवून वापरतात, तिथे कंपनी शोधून काही सापडणार नाही, घरातले फोन एकेक करून वायफायवरून काढा आणि नोंद कधी जाते ते बघा.

माझ्याकडे हेच झालं होतं. मी पायला १९२.१६८.१.१०५ दिला तेव्हा तो रिकामा होता, मी पिंग मारून बघितलं पण होतं, पण राउटरचा डीएचसीपी पूल, म्हणजे वाटायच्या आयपींचा पट्टा, १०० ते १९९ होता आणि पायमध्ये मी आयपी हाताने टाकलेला असल्यामुळे राउटरला त्याचा पत्ताच नव्हता, त्याने आठवड्याने तोच १०५ एका टॅबलेटला देऊन टाकला. टॅबलेट घरी वापरात असला की नेट बिघडायचं, तो बंद असला की सगळं छान. मी त्या काळात दोनदा पायचं कार्ड नव्याने लिहिलं, आणि त्याची काहीएक गरज नव्हती.

दुरुस्ती: डीएनएसला त्याची हक्काची जागा द्या

राउटरच्या पेजवर डीएचसीपीचा भाग उघडा आणि पूल कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. दोन मार्ग आहेत. एक, पूल १०० पासून सुरू ठेवा आणि डीएनएसला त्याच्या बाहेरचा, समजा १९२.१६८.१.१०, हाताने द्या. दुसरा, पायला डीएचसीपीवरच ठेवा आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकसाठी आयपी राखून ठेवा, काही राउटरमध्ये याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, काहींमध्ये स्टॅटिक लीज किंवा आयपी-मॅक बाइंडिंग. मला दुसरा आवडतो कारण सगळा हिशोब एका जागी राहतो, फक्त राउटर फॅक्टरी रीसेट झाला तर ती नोंद जाते, म्हणून राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घेऊन ठेवाच. आणि डीएचसीपी पण पाय-होलनेच द्यायचं ठरवलं असेल तर त्याला आयपी हातानेच द्यावा लागतो आणि राउटरचा डीएचसीपी बंद करावाच लागतो. दोन्ही चालू ठेवले की दोघे आपापल्या मर्जीने आयपी वाटत सुटतात आणि आपण परत पहिल्या पानावर.

रिझर्व्हेशन करताना एक चूक फार होते. रास्पबेरी पायला वायफायचा मॅक वेगळा आणि केबलचा वेगळा असतो. वायफायचा मॅक राखून ठेवला आणि मग केबल लावली तर राउटरसाठी ते नवीनच डिव्हाइस आहे, तो वेगळा आयपी देणार. डीएनएस सर्व्हर केबलवर ठेवा आणि पायचं वायफाय बंदच करून टाका.

घरात दोन राउटर असतील तर

नेट देणाऱ्याचा डबा आणि त्याच्यापुढे आपण घेतलेला राउटर, असा सेटअप असेल आणि दोघांचाही आयपी १९२.१६८.१.१ असेल तर आपल्या राउटरला आत आणि बाहेर एकच नेटवर्क दिसतं आणि पॅकेट कुठे पाठवायचं तेच त्याला कळत नाही. काही राउटर हे ओळखून स्वतःचा आतला आयपी बदलून टाकतात, आणि तेव्हा हाताने १९२.१६८.१.१० दिलेला पाय जुन्या नेटवर्कमध्ये एकटा पडतो, घरातले बाकी सगळे नवीन नेटवर्कमध्ये. आपण काहीच केलं नाही आणि डीएनएस मेला असं वाटतं ते यामुळे.

उपाय म्हणजे आपल्या राउटरचा आतला आयपी मुद्दाम वेगळा करा, १९२.१६८.५०.१ सारखा. ऑफिसचा व्हीपीएन वापरत असाल तरी हा बदल फायद्याचा, कारण तिकडचं नेटवर्क पण १९२.१६८.१ वालं निघालं तर तिथेही हीच टक्कर होते. बदल करताना लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, आयपी बदला, मग पायचा आयपी नव्या नेटवर्कमधला करा, मग डीएचसीपीमध्ये डीएनएसचा आयपी नवा टाका, याच क्रमाने. दुसरा राउटर फक्त वायफाय वाढवायला असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, आयपी वेगळा द्या आणि केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये लावा.

डीएनएसचा आयपी टाकायचा कुठे

राउटरमध्ये डीएनएस लिहायच्या दोन जागा असतात, एक वॅन किंवा इंटरनेटच्या पेजवर आणि एक डीएचसीपीच्या. आपल्याला डीएचसीपीवाली पाहिजे. वॅनमध्ये पायचा आयपी टाकला आणि पायमध्ये अपस्ट्रीम, म्हणजे पायला उत्तर माहीत नसलं की तो ज्याला विचारतो तो सर्व्हर, म्हणून राउटर दिला की प्रश्न दोघांमध्येच गोल गोल फिरत राहतो. पायचा अपस्ट्रीम बाहेरचा ठेवा, १.१.१.१ किंवा ९.९.९.९ वगैरे.

दुसऱ्या डीएनएसच्या खान्यात ८.८.८.८ टाकायचा मोह होतो, पण टाकू नका. पहिला बंद पडला तरच दुसरा वापरायचा असा नियम सगळे डिव्हाइस पाळत नाहीत, कुणीही कधीही दुसऱ्याला विचारतो आणि मग लोकल नावं, म्हणजे घरातल्या डिव्हाइसना आपण दिलेली नावं, कधी सापडतात कधी नाही. राउटर आयपीव्ही६ वर स्वतःचा डीएनएस वाटत असेल तर तिथूनही असंच होतं, तोही बघून घ्या. आणि लोकल नावांना शेवटी डॉट-लोकल लावू नका, ते एमडीएनएससाठी, म्हणजे डिव्हाइस सर्व्हरशिवाय एकमेकांना नावाने शोधतात त्या पद्धतीसाठी, राखीव आहे, घरासाठी होम-डॉट-आर्पा हे रीतसर ठरवून दिलेलं आहे.

सगळं बदललं तरी जुने डिव्हाइस जुन्याच लीजवर (आयपी वापरायला मिळालेली मुदत) चालत राहतात, लीज २४ तासांची असेल तर साधारण १२ तासांनी ते परत विचारायला येतात. वाट बघायची नसेल तर प्रत्येकाचं वायफाय बंद करून चालू करा. विंडोजवर आयपीकॉन्फिग आधी रिलीजसोबत आणि मग रिन्यूसोबत चालवा, शेवटी फ्लशडीएनएससोबत. मग एनएसलुकअप (डीएनएसला नाव विचारून बघणारी कमांड) चालवा, वरती सर्व्हर म्हणून तुमच्या पायचाच आयपी दिसायला हवा. दुसऱ्या दिवशी, सगळे डिव्हाइस घरात चालू असताना, एआरपीची यादी परत एकदा काढा आणि डीएनएसच्या आयपीसमोर पायच्या केबलचाच मॅक आहे ना ते ताडून बघा.